कुडावरचं सिमेंट

टेप घेऊन माणूस आला त्या सकाळी आमच्याकडे राब भाजणं, म्हणजे पेरणीआधी रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळणं, चाललं होतं. आबाजी, म्हणजे माझे सासरे, आणि सासू गौराबाई शेतावरून परतून नुकतीच ओटीवर टेकली होती. दोघांच्या भुवयांवर राख होती. मी चिंधीला कडेवर घेऊन दाराच्या फळीआडून बघत होते.

माणूस बारीक, पन्नाशीला आलेला. खांद्याला खाकी पिशवी. कर्जत स्टेशनापासून पायीच आला असावा, पायजम्याच्या कडा धुळीनं तांबड्या झाल्या होत्या. त्यानं पाणी मागितलं. मी तांब्या दिला. पाणी पिताना त्याची नजर वर तुळईवर लागलेली. मला पहिलं खटकलं ते हेच. तहानलेला माणूस पाण्याकडे बघतो.

"मी टिपणीस," तो म्हणाला. "मुंबईला घरं बांधायचं शिकवतात त्या कॉलेजात शिकवतो. जुन्या घरांची मापं घेतोय. लिहून ठेवायची आहेत."

"कशापायी?" आबाजींनी विचारलं.

"पुढच्यांना कळायला नको, कशी होती ती?"

"आमी ऱ्हातो ना हितं. आमाला ठावं हाय."

टिपणीस हसला. "बरं, मग मला सांगा. या घरात लोखंडी खिळे किती?"

आबाजींची मान ताठ झाली. "एक नाय. एक जरी दावलात तर मिशी उतरवीन. माझ्या पणज्यानं बांधलेलं. सगळं कुसू न् खोबणीवर हाय, लाकडात लाकूड अडकवलेलं. कुडाच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वरची माती आमच्याच शेतातली, न् खांब ऐनाचे. डोंगरातून ठाकरांनी खांद्यावर उतरवलेले."

मग काय, ते स्वतःच टेपचं टोक धरून फिरू लागले. आत्याबाई म्हणजे सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बघ गं जयवंता, म्हातारा कसा नाचतोय. नवरा मुलगा जणू."

टिपणीस ओटी मापत होता, माजघर मापत होता, ओळंबा सोडून खांब बघत होता, आणि वहीत लिहीत होता. मी पाणी देण्याच्या निमित्तानं दोनदा वहीत डोकावले. आकडे होते आणि घराचं चित्र. चित्रात प्रत्येक दार दाखवलं होतं. कोणतं दार आत उघडतं, कोणतं बाहेर. ते कुणाला कशाला हवं?

शेवटी तो माझ्या खोलीत आला.

ही खोली मागची, पडवीला लागून. माझं पहिलं मूल आठ महिन्यांचं होऊन तापात गेलं. दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा या खोलीच्या कुडातून एके दुपारी विंचू निघाला, माझ्या अंथरुणावरून चालत गेला. मी सहदेवला, माझ्या नवऱ्याला, म्हटलं, या मातीत मी बाळंत होणार नाही. तो भिवपुरीच्या वीजघरात कामाला. त्यानं परमिटवर पाच पोती सिमेंट मिळवलं आणि खोली आतून-बाहेरून गुळगुळीत करून दिली. आबाजी तेव्हा म्हणाले होते, "कुडाला सिमेंट? रेड्याला झबलं घालतेस काय गं?" पण पहिल्या मुलाचं सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून कुणी जास्त बोललं नाही. मुलगी झाली. मी तिचं नाव मनात वेगळं ठरवलं होतं. आत्याबाईंनी 'चिंधी' ठेवलं. चिंधी कुणी उचलत नाही. मीही मग तेच नाव घेऊ लागले. बीएला तत्त्वज्ञान घेतलं होतं मी.

टिपणीसनं बोटाच्या पेरानं भिंत वाजवली. एकदा छातीच्या उंचीवर, मग गुडघ्याच्या. खाली आवाज पोकळ आला.

"हे सिमेंट कुणी लावलं?"

"का?" मी म्हणाले.

"आत माती ओली आहे. वरून बंद केलीत, तिला वाळायला वाट राहिली नाही. इथं हातभर उकरून बघू का? मी परत लिंपून देईन."

"नाही."

त्यानं कोपऱ्यातल्या खांबाकडे पाहिलं. त्याचं निम्मं अंग सिमेंटात गेलं होतं. वरच्या तुळईला चिंधीची झोळी टांगलेली. तो काहीतरी बोलणार होता, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यानं वही मिटली.

जाताना आबाजींना म्हणाला, "पत्र पाठवतो. आमच्याकडचं टंकयंत्र इंग्रजी आहे. घरात वाचेल कुणी?"

"सून बीए हाय माझी," आबाजी म्हणाले. सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले.

*

शेजारचा पोशा संध्याकाळीच आला. ओटीवर बसून तंबाखू मळत म्हणाला, "आबाजी, टेप लावून दिलीत?"

"मग? घराला काय भोक पडलं?"

"पडंल. रेल्वेनं दुसरी लाईन टाकली तवा आमच्या बापाच्या वावरात आदी टेपवाला आला. गोड बोलला. चहा पिला. सा महिन्यांनी वावर गेलं. टेप लागली की गेलं समज."

"घरावरून रेल नेतात काय रं?"

"घर नाय, तर दार नेतील. खालापुराकडं एकाकडं असाच आला कुणी फोटोवाला. महिन्यानं दार गायब. नक्षीचं दार. भावानंच विकलं म्हणतात, मुंबईच्या बंगल्यात लावलंय."

मी चुलीपाशी भाकरी थापत होते. हात थांबला. हातभर उकरून बघू का, असं तो म्हणाला होता. आमच्याकडे भिंतीत पुरलेल्या हंड्यांच्या गोष्टी काय कमी आहेत? मला हंडा खरा वाटत नव्हता. पण एखाद्या परक्या माणसाला माझ्याच खोलीची भिंत का उघडायची होती?

सहदेव पाळीवरून आला. त्याला सांगितलं तर अंगरखा काढता काढता म्हणाला, "तू शिकलेली. तूच बघ ना काय ते."

मग मी बघायचं ठरवलं. बाजारच्या दिवशी चिंधीला घेऊन भाजीच्या टेंपोतून कर्जतला गेले. कचेरीत एका कारकुनासमोर अर्धा तास उभी राहिले. चिंधी रडायला लागली तेव्हा त्यानं मान वर केली.

"जुनी घरं जतन करायचं खातं कुठं असतं?" मी विचारलं.

त्यानं शेजारच्याकडे पाहिलं. "ऐकलंत? बाईंना जतनाचं खातं पाहिजे." मग मला म्हणाला, "बाई, पडलेल्या घरांचा पंचनामा आमच्याकडं. उभ्या घरांचं आम्हाला कायपण नाय."

"कुणी मापं घेऊन गेलं तर?"

"कुणाच्या नावानं?"

"टिपणीस. कॉलेजातले."

"मग कॉलेजात विचारा की. आणि पोरीला गप करा आदी."

बाहेर पडले तेव्हा कान तापले होते. पण वाचनालय उघडं होतं. तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी जुन्या कायद्यांचं एक जाड पुस्तक काढून दिलं, पुठ्ठा निसटलेला. मी खाली बसले, चिंधीला मांडीवर झोपवलं, बोटानं ओळी लावत वाचलं. सरकारनं एखादी वास्तू संरक्षित ठरवली की तिच्यात परवानगीवाचून फेरफार करता येत नाही. मोडता येत नाही, वाढवता येत नाही. न ऐकल्यास शिक्षा.

मी ते कलम तीनदा वाचलं. ते कशासाठी आहे, किल्ल्यासाठी का लेण्यांसाठी, हे मागच्या पानावर असणार. चिंधी उठली. मागचं पान राहिलं.

*

पत्र वैशाखात आलं. दोन पानं, वर कॉलेजचं नाव छापलेलं. आबाजींनी हात धुतले, धोतराला पुसले, भिंतीला टेकून बसले. आत्याबाई सूप घेऊन जवळ आल्या.

"वाच गं."

मी आधी मनात वाचलं. पहिल्या पानावर घराचं कौतुक होतं. दीडशे वर्षांच्या आसपासचं असावं, असं लिहिलं होतं. त्यांचं एक मंडळ होतं, सरकारी नव्हे. ते अशा घरांना कारवी, कौलं आणि सुतार मिळवून देतं. घर मालकाचंच राहतं, कशावर सही लागत नाही. फक्त दुरुस्ती जुन्या पद्धतीनं करायची.

दुसऱ्या पानावर एकच मजकूर होता. मागच्या खोलीचं सिमेंट पावसाआधी काढा. कोपऱ्याच्या खांबाचा पाय कुजला असण्याची शक्यता आहे. त्या खांबावर माळ्याचं वजन आहे. ते काम होईपर्यंत त्या खोलीत, विशेषतः लहान मुलाला, झोपवू नये.

ते 'विशेषतः' मी बघत राहिले. हा माणूस पाच मिनिटं खोलीत होता. आणि माझं दुखणं कुठं आहे ते त्यानं बरोबर हेरलं. पोरीचं नाव काढलं की बाई भिंत उघडेल. मला वाटलं, घर घ्यायला येणारा माणूस असंच लिहील.

"काय लिवलंय?" आबाजी म्हणाले.

"लिहिलंय घर जुनं आहे," मी म्हणाले. "चांगलं आहे. दीडशे वर्षांचं."

त्यांचा चेहरा असा फुलला की मी खाली बघितलं.

"न् पुढं?"

"पुढं... ते यादीत घेणार म्हणतात. यादीत घेतलं की मग आपल्याला त्यात फेरफार करता येणार नाही. खुंटी ठोकायची तरी परवानगी."

"अगं बाई!" आत्याबाईंचं सूप थांबलं. "आमच्या घरात आमी खुंटी नाय ठोकायची?"

"दुसऱ्या पानावर काय हाय?"

"तेच," मी म्हणाले. "कायद्याचं."

आबाजींनी भिंतीला टेकलेली पाठ सोडली. मग म्हणाले, "तवा तर कसा बोलला. माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यानं." आणि थोड्या वेळानं, "लिव त्याला. नको म्हनावं."

मी लिहिलं. त्यांनी अंगठा उठवला. पत्राची दोन्ही पानं मी पेटीत माझ्या साड्यांखाली ठेवली. फाडून का टाकली नाहीत, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

*

आषाढात सगळे लावणीला. पहाटे भाकऱ्या बांधून घेऊन जात, अंगावर पावसासाठी पानांची इरली, आणि तिन्हीसांजेला गुडघ्यापर्यंत चिखलाचे परतत. चिंधीमुळे मी घरी. दळण, कांडण, गुरांचं बघणं आणि ती भिंत.

सिमेंटला एक भेग होती, खांबाच्या डाव्या बाजूनं. पाऊस लागला तेव्हा ती वीतभर होती. मी तिच्या टोकाशी पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि तारीख लिहिली. आठवड्यानं भेग रेघेच्या पुढं दोन बोटं. परत रेघ, परत तारीख. मला वाटलं शेजारी पोशाकडे भात कांडतात त्याचा हादरा. मग वाटलं घाटात सुरुंग लावतात, त्याचा. एकदा तर आत्याबाईंवरही संशय आला, की मी नसताना त्या भिंतीला काही टेकवतात. पाचवी रेघ मारली तेव्हा भिंतीचं पोट पुढं आलेलं हाताला लागलं. हात लावला तर गार. पाणी सुटलेलं.

मी झोळी सोडली आणि माजघरात बांधली. संध्याकाळी आत्याबाईंनी पाहिलं.

"हे काय? काल खोलीत, आज माजघरात. पोर काय मांजराचं हाय, सात घरं फिरवतेस?"

"तिकडं ओल आलीय."

"सिमेंटात ओल?" त्यांनी पाय धुता धुता तोंड मुरडलं. "तुझ्या सिमेंटात?"

आबाजी ओटीवर बसले होते. त्यांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्या चिखल्यांनी फाटल्या होत्या, त्यात ते करंजाचं तेल सोडत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थोडा थांबला. चिंधी माजघरात झोपली होती. मी खोलीत गेले आणि भिंतीसमोर उभी राहिले. गुडघ्याच्या उंचीवर पेरानं वाजवलं, जसं त्यानं वाजवलं होतं. मग बाहेर जाऊन कोयता आणला आणि त्याच्या पाठीनं एक ठोका दिला.

हाताएवढी खपली अख्खी निघून पायाशी पडली. आत कुड असा नव्हताच. कारवीच्या काठ्या होत्या तिथं काळा भुगा आणि वाळवीची माती, ओली, तिला गोठ्यासारखा वास. एक काडी बोटांनी धरली तर कालवलेल्या नाचणीच्या पिठासारखी चिरडली. मी वेड्यासारखी खपल्या काढत खांबापर्यंत गेले. खांबाचा पाय मोकळा केला. कोयत्याचं टोक लावलं. जोर करावा लागला नाही. ऐनाच्या लाकडात कोयता मुठीपर्यंत गेला.

वरून थोडी माती गळली. मी वर पाहिलं. तुळईच्या वर माळा, माळ्यावर भाताच्या कणग्या. वर्षाचं खाणं.

चिंधीला उचलून मी तशीच बांधावरून पळत सुटले. दोनदा घसरले. शेतात आबाजी वाकलेले होते, हातात रोपांची मूठ. मला बघून ते उभे राहिले आणि त्यांची नजर पहिली पोरीवर गेली.

"पोर बरी हाय ना?"

"पोर बरी आहे. खांब गेला, मामंजी."

*

पोशानं स्वतःच्या नव्या गोठ्यासाठी ठेवलेला सागाचा वासा आणून दिला.  दोघांनी मिळून तुळईखाली टेकू लावला. आबाजी पाठीनं वासा रेटत होते, पाय सिमेंटच्या खपल्यांवर घसरत होते, पोशा खाली पाचर मारत होता. आत्याबाई आणि मी माळ्यावर चढून भात टोपल्यांनी उतरवत होतो. तुळई एकदा करकरली, सगळे थांबले. मग पोशानं दुसरी पाचर मारली.

चार वाजेपर्यंत माळा रिकामा झाला. भिंतीच्या जागी भगदाड, त्यातून पावसाची झड आत येत होती. पोशानं तिथं इरली उभी केली.

"ठाकुरवाडीच्या कान्हाला सांगावा धाडू," आबाजी म्हणाले. "कारवी तोच आनंल. पन आता हिरवी हाय. हिरवी कुडाला चालत नाय. दिवाळीपतोर असंच."

"सुतार?" पोशा म्हणाला. "खांबाचा पाय कापून जोड द्यायचा. ते काम येणारा हाय कोन आता? सगळे खिळेवाले."

 मी चिंधीला छातीशी धरून उभी होते. मग पेटीकडे गेले. साड्यांखालून पत्र काढलं.

"सुतार ते देतात," मी म्हणाले.

"कोन?"

"टिपणीस. सुतार, कारवी, कौलं. पत्रात होतं ते."

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर घाम आणि माती एक झाली होती.

मी उभ्यानंच वाचलं. पहिलं पान पूर्ण वाचलं, मराठीत करून, घर मालकाचंच राहतं इथपर्यंत. मग दुसरं. सिमेंट पावसाआधी काढा. खांबाचा पाय. माळ्याचं वजन. लहान मुलाला झोपवू नये. 

पोशा उठला. "गुरं बघतो," म्हणाला आणि गेला.

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. "तुला ठावं होतं? न् पोरीला निजवत होतीस तितं?"

"मला खरं वाटलं नाही."

"मग काय वाटलं गं तुला?"

मला जे वाटलं होतं ते या उघड्या भिंतीसमोर सांगण्यासारखं नव्हतं. आबाजींनी हात पुढं केला. मी पत्र दिलं. त्यांना त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. तरी त्यांनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, चिखलाचा अंगठा लागू नये म्हणून कडेनं धरून. मग पत्र टोपीत घातलं, इरलं घेतलं आणि बाहेर पडले.

आळीच्या टोकाला मास्तर राहतात. मी ओटीवरून बघत होते. आबाजी त्यांच्या पायरीवर बसले. मास्तर चष्मा शोधायला आत गेले, परत आले. बराच वेळ दोघांची डोकी जवळ होती.

परत आल्यावर आबाजींनी पाय धुतले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तरबी तेच बोलला."

रविवारी सहदेव घरी होता. त्याला सगळं आत्याबाईंनी सांगितलं. तो दिवसभर उरलेलं सिमेंट फोडून टोपल्यांनी खड्ड्यात टाकत राहिला. दुपारी आबाजींनी मला कागद घ्यायला सांगितलं.

"लिव त्याला. चूक झाली म्हनावं. सुतार धाडा. कुड आमी करू, आमचा आमी."

मी लिहिलं. जसं ते बोलले तसंच लिहिलं, चूक कुणाची ते त्यांनी सांगितलं नव्हतं, ती एक ओळ मी माझ्या मनानं घातली आणि खाली माझं नाव. मग मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या ओळीला आबाजींनी एकदा मान हलवली.

शाईची डबी उघडून मी पुढं केली. त्यांनी अंगठा शाईत बुडवला, कागदाच्या वर आणला आणि तिथंच थांबले. शाईचा थेंब अंगठ्याच्या कडेला जमू लागला.

"जयवंता," ते म्हणाले, अगदी हळू, रागानं नाही. "मास्तरांना हाक मार. त्यास्नी एकदा हे वाचून बघूंदे."

मी चिंधीला कडेवर घेतलं, पदर डोक्यावरून ओढला आणि मास्तरांना बोलवायला निघाले.